नाव नको, मजकूर तपासा

21 सप्टेंबर 2024. पहाटेचे साडेपाच. सुरत जिल्ह्यातल्या कीम आणि कोसंबा या स्थानकांच्या मध्ये रात्रीची गस्त घालणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याने कळवले की, कोणीतरी रूळ खिळखिळा करून ठेवला आहे. माणसे धावली. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या दोन फिशप्लेटा काढलेल्या होत्या. रूळ धरून ठेवणाऱ्या 71 क्लिपाही उपसलेल्या होत्या. मुंबई-अहमदाबाद हा देशातला अतिशय वर्दळीचा मार्ग. गाड्या थांबवल्या, रूळ दुरुस्त झाला, मोठा अपघात टळल्याच्या बातम्या झळकल्या. माहिती देणाऱ्याची पाठ थोपटली गेली.

त्या महिन्यात वातावरण आधीच तापलेले होते. 8 सप्टेंबरला कानपूरजवळ कालिंदी एक्स्प्रेस रुळावर ठेवलेल्या गॅस सिलिंडरला धडकली होती. त्यामुळे कीमची बातमी येताच घातपाताच्या कटाची चर्चा सुरू झाली. राष्ट्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी घटनास्थळी पोहोचले. आता कोणाला तरी पकडा, असा दबाव अशा वेळी किती असतो, हे वेगळे सांगायला नको.

सुरत ग्रामीण पोलिसांनी कोणाला तरी पकडले नाही. त्यांनी मिळालेली माहिती तपासली. थोड्याच वेळापूर्वी त्याच रुळावरून गाडी गेली होती आणि चालकाला काहीच जाणवले नव्हते. दोन गाड्यांमधल्या तेवढ्या अवधीत 71 क्लिपा काढणे अनोळखी माणसाला जमणारे नाही. परक्या पावलांचा मागमूस नव्हता. मग माहिती देणाऱ्यांचेच मोबाइल तपासले. उखडलेल्या रुळाची छायाचित्रे त्यांत निघाली आणि ती वरिष्ठांना कळवण्याच्या कितीतरी आधी काढलेली होती. रूळ सांभाळणाऱ्या विभागातले तिघे अटकेत गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांना शाबासकी हवी होती. शिवाय पावसाळी रात्रपाळी लांबावी आणि तिच्या बदल्यात मिळणारी सुट्टी चालू राहावी, हाही हेतू होता.

पोलिसांनी माहिती कशी हाताळावी, याचा हा सुरतेने घालून दिलेला धडा आहे. सांगणारा कोण आहे यावर विसंबू नका. तो काय सांगतो, ते कोणत्या वेळचे आहे, जागेशी जुळते का, हे पाहा. नाव असलेली माहिती खोटी असू शकते आणि नाव नसलेली खरी. म्हणून नावाआधी मजकूर तपासायचा. एवढा साधा नियम आपल्याकडे रोज मोडला जातो आणि त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो.

धमकी एकाला, नेम दुसऱ्यावर

एप्रिल 2024 मध्ये सुरतेच्या डुमस रोडवरच्या व्हीआर मॉलला बॉम्बच्या धमकीचा ईमेल आला. मॉल रिकामा केला, बॉम्बशोधक पथकाने कोपरान्‌कोपरा पाहिला, काही सापडले नाही. 6 मे 2024 रोजी, मतदानाच्या आदल्या दिवशी, अहमदाबादच्या शाळांना तसेच ईमेल आले. आईबाप धावत शाळेत गेले. पुन्हा काही सापडले नाही. विमान कंपन्यांना त्या एका वर्षात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत 999 खोट्या धमक्या आल्या. हा आकडा नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी संसदेत दिलेला आहे.

हे कोण करते? पकडलेल्यांकडे नीट पाहा. ऑक्टोबर 2024 मध्ये विमानांना धमक्या दिल्याबद्दल मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधल्या राजनांदगावचा एक अल्पवयीन मुलगा ताब्यात घेतला. ज्याच्याशी पैशांवरून बिनसले होते, त्याच्याच नावाने त्याने खाते उघडले होते. जून 2025 मध्ये अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने चेन्नईच्या एका अभियंता तरुणीला अटक केली. नरेंद्र मोदी स्टेडियमसह अनेक राज्यांतल्या ठिकाणांना तिने धमक्या पाठवल्या, असा आरोप आहे. लग्नाला नकार देणाऱ्या सहकाऱ्याला अडकवणे, हा पोलिसांनी सांगितलेला हेतू. सप्टेंबर 2025 मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 34 मानवी बॉम्ब आणि 400 किलो आरडीएक्सची धमकी आली. त्यात अटक झालेला नोएडाचा ज्योतिषी जुन्या मित्रावर सूड घेऊ पाहत होता. धमकी गेली ती त्या मित्राच्या नावाने.

तिन्ही प्रकरणांत विमान, स्टेडियम आणि विसर्जनाची गर्दी हे केवळ निमित्त होते. नेम होता ओळखीच्या माणसावर आणि हत्यार म्हणून निवडले होते पोलीस खाते. धमकी जितकी भयंकर, तितके पोलीस त्या माणसाच्या दारात लवकर पोहोचतील, असा हा हिशेब आहे. म्हणून ईमेलच्या तळाशी ज्याचे नाव आहे, त्याला आधी उचलायचे आणि नंतर चौकशी करायची, ही पद्धत गुन्हेगाराचे काम पूर्ण करून देते.

काही जणांना फक्त आपले ऐकून घेतले जावे असे वाटते. ऑक्टोबर 2024 मध्येच गोंदिया जिल्ह्यातल्या एका माणसाला नागपूर पोलिसांनी पकडले. तो पंतप्रधान कार्यालयापासून रेल्वेमंत्र्यांपर्यंत ईमेल पाठवत होता आणि दहशतवाद्यांची गुप्त भाषा आपल्याला कळते, असा दावा करत होता. सूड उगवणारा आणि लक्ष वेधणारा, दोघांचाही उपद्रव मोठा आहे. पण दोघांना एकाच मापाने मोजले तर तपास भरकटतो.

पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला नाही

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत 21 स्फोट झाले. 56 माणसे गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात पोहोचले. घरात राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हते आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरले होते. पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जोडणीवरून गेला. त्यानंतरचा, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशीचा, चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. तिन्ही वेळा आयपी अ‍ॅड्रेस खरा होता आणि पाठवणारा वेगळाच.

या अनुभवाला इतकी वर्षे लोटली. आज व्हीपीएन आहे, उसना मोबाइल क्रमांक आहे, परदेशी सर्व्हरवरचे ईमेल खाते आहे. तरीही आयपी अ‍ॅड्रेस मिळाला की संशयित सापडल्याची बातमी बाहेर सोडली जाते. ज्याच्या घरचे इंटरनेट वापरले गेले, त्याच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागते, याची नोंद कोणत्याही केस डायरीत होत नाही. उपकरण हातात येईपर्यंत आणि ते त्या दिवशी कोण वापरत होते हे सिद्ध होईपर्यंत नाव जाहीर होता कामा नये.

न्यायालयात काय होते, तेही पाहा. 30 ऑक्टोबर 2017 रोजी मुंबई-दिल्ली विमानाच्या शौचालयात धमकीची चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवावे लागले. मुंबईतल्या एका व्यावसायिकाला विमान अपहरणविरोधी कायद्याखाली जन्मठेप आणि 5 कोटींचा दंड झाला. 2023 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण नुसत्या संशयावर शिक्षा टिकत नाही. तपास घाईत झाला तर खरा गुन्हेगार सुटतो किंवा निरपराध आत जातो. दोन्हींत जनतेचे नुकसान आहे.

सगळेच फोन अफवा नसतात

खोट्या धमक्या एवढ्या वाढल्या की पोलीस आणि लोक दोघांनाही सवय होते. तिथे मोठा धोका आहे. सुरतेने तो पाहिलेला आहे.

अहमदाबादच्या स्फोटांच्या दुसऱ्याच दिवशी सुरतेत स्फोटके भरलेल्या मोटारी सापडल्या. त्या नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. त्यानंतरच्या दिवसांत शहरात 29 बॉम्ब मिळाले, त्यांतले 18 एकट्या 29 जुलैला. हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेल्या वराछा भागात ते झाडांवर आणि जाहिरातींच्या फलकांवर लावलेले होते. सर्किटमध्ये दोष होता म्हणून एकही फुटला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये विशेष न्यायालयाने अहमदाबाद आणि सुरत या दोन्ही शहरांच्या एकत्रित खटल्यात 49 जणांना दोषी ठरवले आणि 38 जणांना फाशी सुनावली. जुलै 2008 च्या त्या आठवड्यात सुरतेत बेवारस पिशवी दिसली की लोक फोन करत होते. फोन करणारा कोण, याची उठाठेव करायला वेळ नव्हता. पिशवीत काय आहे ते पाहणे, एवढेच काम होते.

तेच काम रोज व्हायला हवे. विमानतळावर धमकी आली की बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी बसते. धमकीत नेमके विमान, नेमकी वेळ, नेमकी जागा आहे का हे पाहते आणि ती 'स्पेसिफिक' की 'नॉन-स्पेसिफिक' ते ठरवते. शाळा, मॉल, रुग्णालय आणि न्यायालय यांच्यासाठीही सुरतेला अशीच लेखी पद्धत हवी. पोलीस, अग्निशमन दल आणि शिक्षणाधिकारी यांनी काही मिनिटांत एकत्र बोलून निर्णय घ्यावा. मुलांना बाहेर काढायचे तर कोणत्या दाराने, कोणत्या मैदानात आणि पालकांना कळवायचे कोणी, हे आधीच ठरलेले असावे. गोंधळ माजला की धमकी देणाऱ्याला हवे ते मिळते.

सही करूनही कोणी ऐकले नाही

आता दुसरी बाजू. नाव न सांगता कळवणाऱ्यांना आपण भित्रे म्हणतो. नाव सांगून कळवणाऱ्यांचे काय झाले, ते आधी पाहू.

मार्च 2022. बोटाद जिल्ह्यातल्या रोजिद गावच्या सरपंचांनी बरवाळा पोलिसांना लेखी कळवले की, गावात दारू राजरोस विकली जाते, ती बंद करा. दारूबंदीच्या राज्यात निवडून आलेल्या सरपंचाने सही करून दिलेली ही माहिती होती. जुलैच्या अखेरीस त्याच परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे मेली. मग दोन पोलीस अधीक्षकांच्या बदल्या झाल्या, सहा पोलीस निलंबित झाले. जे काम मार्चमध्ये एका छाप्याने झाले असते, ते जुलैत चितांच्या रांगेसमोर सुरू झाले.

सत्येंद्र दुबे हे नाव आठवते का? सुवर्ण चतुष्कोन महामार्गावर काम करणारा हा तरुण अभियंता. कामातला भ्रष्टाचार त्याने 2002 मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयाने पुढे तो लुटीतला खून ठरवला. पण गुप्ततेचा शब्द सरकारने मोडला, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही. या प्रकरणानंतर आलेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला आणि अमलात न येता पडून राहिला. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना जानेवारी 2010 मध्ये भर सकाळी मारले. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. त्याच वर्षी जुलैत असेच कार्यकर्ते असलेल्या अमित जेठवांना अहमदाबादेत उच्च न्यायालयासमोर गोळ्या घातल्या.

आता लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांमधल्या माणसाच्या जागी उभे राहून विचार करा. खानदेशातून आलेला, यंत्रमागावर किंवा डाइंग मिलमध्ये राबणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस. शेजारच्या गल्लीत एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या विकल्या जातात, हे त्याला दिसते. व्याजखोर कोणाच्या घरात घुसून भांडी उचलतो, हेही दिसते. तो ठाण्यात गेला तर पहिले प्रश्न काय? नाव काय, राहतोस कुठे, आधारकार्ड आण, तुला कसे माहीत? संध्याकाळपर्यंत ज्याच्याविरुद्ध सांगितले, त्याचा माणूस दारात उभा राहील, ही भीती त्याच्या मनात पक्की आहे. जानेवारी 2023 मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध लोकदरबार भरवले. हेतू चांगला होता. पण ज्याच्या छातीवर व्याजखोर बसला आहे, त्याने अख्ख्या मोहल्ल्यासमोर माइक हातात धरून तक्रार करावी, ही अपेक्षा अवघड आहे.

6 जानेवारी 2022 रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन ओतले जात होते. विषारी वायूने सहा कामगार मेले. रात्री कोणता टँकर कुठे रिकामा होतो, हे मोठ्या अधिकाऱ्याच्या आधी क्लीनरला, रखवालदाराला आणि चहाच्या टपरीवाल्याला कळते. ही माणसे नाव देणार नाहीत. पण त्यांना बोलते केले तर जीव वाचतील.

कायदा आहे, वापरा

बातमीदाराचे नाव झाकणे आणि खोटी धमकी देणाऱ्याला शिक्षा करणे, या दोन्ही गोष्टींची कायद्याने सोय केलेली आहे. बातमी कोणाकडून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, असे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 131 सांगते. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 42 आहे. मिळालेली बातमी लिहून काढायची आणि 72 तासांत वरिष्ठाकडे तिची प्रत पाठवायची. म्हणजे बातमीदार पडद्याआड राहतो आणि बातमीची मात्र नोंद राहते. हीच शिस्त दारू, व्याजखोरी आणि रसायनांच्या टँकरलाही लावा.

निनावी धमकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 351 आहे. ओळख लपवून धमकावले तर मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. पोलिसांना खोटी माहिती देऊन दुसऱ्याला छळायला लावले तर कलम 217 लागते आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यातली मेख अशी की, कलम 217 खाली न्यायालय दखल घेते ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर. म्हणजे ज्या अधिकाऱ्याची दिशाभूल झाली, त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात जायचे. अधिकारी 'अफवा निघाली' म्हणून कागद मिटवतो आणि ज्याच्या दारात रात्री पोलीस जाऊन आले, त्याला शेजाऱ्यांचे टोमणे ऐकत राहावे लागते. हे थांबले पाहिजे.

सरकारी कार्यालयांत निनावी पत्र सरळ बाजूला ठेवता येते. केंद्रीय दक्षता आयोगाने 1999 मध्येच तसे बजावले, कारण निनावी तक्रारींनी अनेक प्रामाणिक अधिकाऱ्यांच्या बढत्या अडवल्या होत्या. पोलिसांना ती मुभा नाही. बॉम्बची, विषाची किंवा लहान मुलाच्या छळाची खबर नाव नाही म्हणून टोपलीत टाकता येत नाही.

मग करायचे काय? अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात 1976 मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने 'क्राइम स्टॉपर्स' ही योजना सुरू केली. फोन करणाऱ्याला नाव विचारत नाहीत, एक क्रमांक देतात. पुढची विचारपूस आणि बक्षीस त्याच क्रमांकावर. ब्रिटनमध्ये हे काम पोलिसांपासून वेगळी असलेली धर्मादाय संस्था करते. सुरतेतल्या माणसाने 100 किंवा 112 फिरवला की त्याचा नंबर समोर उमटतो. तातडीच्या मदतीसाठी ते योग्यच आहे, पण बातमी देण्यासाठी वेगळी वाट हवी आणि ती स्थानिक ठाण्यातून जाणारी नको.

सुरत पोलिसांकडे चार मागण्या आहेत. प्रत्येक निनावी माहितीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकावर काय कारवाई झाली ते कळवा. बातमीदाराचे नाव ठाण्यातून फुटले तर ते फोडणाऱ्या पोलिसाची चौकशी करा. खोटी माहिती देणाऱ्यावर दर वेळी न्यायालयात लेखी तक्रार दाखल करा. आणि जो निर्दोष निघाला, त्याला तसे लेखी पत्र द्या, म्हणजे तो मालकाला आणि शेजाऱ्यांना ते दाखवू शकेल.

वाचकांकडेही मागणे आहे. माहिती द्यायची असेल तर जागा, तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहा. डोळ्यांनी पाहिले ते वेगळे आणि कानावर आले ते वेगळे, असे स्पष्ट लिहा. अंदाजाने कोणाचे नाव घालू नका, कारण त्या नावामागे घर असते. धमकीचा मेसेज आला तर पोलिसांना दाखवा, सोसायटीच्या ग्रुपवर ढकलू नका. आणि जे पाहिले आहे ते सही करायचे धैर्य नसले तरी कळवा. गप्प बसू नका.